बेस गिटार पिकनं की बोटांनी? निवड, तयारी, सराव आणि नेहमी होणाऱ्या चुका

दोन-चार वर्षं बोटांनी बेस वाजवलेला माणूस एखाद्या गाण्यासाठी पिक (तार छेडायची छोटी चपटी चकती) हातात घेतो आणि दोन दिवसांत "नुसती खडखड होतेय" म्हणत ड्रॉवरमध्ये टाकून देतो. गिटारवरून बेसकडे वळलेल्याचं उलटं असतं. त्याचा पिक सुटत नाही, आणि बोटांनी वाजवायला गेला की नोट्स एकमेकींत मिसळून नुसता गदारोळ होतो. दोघांनाही वाटतं, उजव्या हाताला वेग नाही. वेगाचा प्रश्न क्वचित असतो. नोट काढायची रीत बदलली की ती थांबवायची रीतही बदलावी लागते, आणि नेमकी तीच बदललेली नसते.

म्हणून या लेखात टप्पा ५ सगळ्यांत लांब आहे. पण थेट तिथे उडी मारू नका. आधीचे चार टप्पे कच्चे राहिले तर पाचव्यात हाताला काही सापडणार नाही.

कोणती रीत "खरी", या वादात मी पडत नाही. १९६०च्या दशकात डेट्रॉइटमध्ये बेसवादक जेम्स जेमरसन एकाच बोटानं वाजवत होते, लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के पिकनं. दोघांच्याही हातात फेंडर प्रिसिजन बेस. आणि दोघांनीही ब्रिजजवळ (बॉडीवर तारा अडकवतात तिथे) तारांचं घुमणं आवरायला काहीतरी लावलेलं होतं, एकानं फोम, दुसरीनं फेल्ट. वाद घालणारे एवढंच नेमकं विसरतात.

पुढचं सगळं चार तारांचा बेस (ई, ए, डी, जी) आणि उजव्या हातानं वाजवणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत. "वरची तार", "खालची तार" असं मी कुठेच म्हणणार नाही, कारण त्यावर निम्म्या वर्गाचा गोंधळ होतो. जाड तार आणि बारीक तार, एवढंच.

## तयारी: सरावाला बसण्याआधी

पिक. तीन जाडीचे घ्या: साधारण ०.७३, १.० आणि १.५ मिमी. पातळ पिक बेसच्या तारेवर वाकतो, सुटायला उशीर करतो आणि तारेआधी स्वतःच टकटक वाजतो. सुरुवात १.० नं करा. आकारानं मोठा त्रिकोणी पिक मिळाला तर उत्तम: धरायला सोपा, आणि एक टोक झिजलं की फिरवून दुसरं वापरता येतं.

नखं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची नखं बोटाच्या टोकाच्या आत राहतील इतकी कापा. तारेला नख लागलं की आवाज ना बोटाचा राहतो ना पिकचा.

पट्टा. बसल्यावर बेस ज्या उंचीवर असतो, उभं राहिल्यावरही तिथेच राहील असा बांधा. फार खाली लटकवला की डावं मनगट मोडतं, फार वर घेतला की उजवं.

फोम. पॅकिंगमधल्या मऊ स्पंजची पट्टी, चारही तारांच्या खालून जाईल इतकी लांब, दोनेक सेंटिमीटर रुंद.

ट्यूनर, मेट्रोनोम, हेडफोन. हेडफोनवर अडून बसतोय, कारण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निवड करणारे हमखास फसतात. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा. तो त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. पडतात ते वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर). पिकमध्ये ते भरपूर असतात, म्हणून मोबाइलवर पिक नेहमीच जिंकतो. स्टेजवर गेल्यावर बेसचं अंग कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं.

तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे बेसच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्टीवर) ई तारेचा तळ आणि फ्रेटचा माथा यांत २ ते २.५ मिमी अंतर असेल तर दोन्ही रीतींचं काम भागतं. त्याहून कमी असेल तर बोटांना गुदगुल्या झाल्यासारखं छान वाटेल, पण पिकचा पहिला जोरदार ठोका फ्रेटवर आपटेल.

> तपासणी: ई तार पाचव्या फ्रेटवर दाबा आणि गाण्यात जितका जोर लावता तितक्याच जोरानं पिकनं वाजवा. खरखर आली तर आधी जोर कमी करून पाहा. तरीही राहिली तर त्या तारेचा सॅडल (ब्रिजवरचा तिचा टेकू) अर्धा आटा वर घ्या, मग ट्यूनिंग. नेकच्या आतला रॉड या कारणासाठी फिरवू नका.

## टप्पा १: गाण्यापुरती निवड करा

"मी बोटांनी वाजवतो" ही ओळख बाजूला ठेवा आणि एका गाण्यापुरता विचार करा. तीन प्रश्न पुरतात.

पहिला: बेसची नोट कुठे सुरू होते हे ऐकणाऱ्याला स्पष्ट कळायला हवं का? डिस्टॉर्शन लावलेल्या (फाटक्या आवाजाच्या) दोन गिटार वाजत असतील, सगळं गाणं सरळ आठव्या नोट्सचं (ठोक्याला दोन) असेल, तर हो. पिक टणक आणि टोकदार, तार चटकन सोडतो. सुरुवातीचा टोला कापून बाहेर येतो. बोटाचं मांस मऊ आणि रुंद, ते वरचे स्वरांश तिथल्या तिथे गिळतं.

दुसरा: एकाच ओळीत जोर कमी-जास्त होतोय का? मेलेल्या नोट्स (सूर नाही, नुसती थाप), मध्येच दबकी, मध्येच ठसठशीत, असं असेल तर बोटं. पिकनंही होतं, पण त्याला वर्षं लागतात.

तिसरा, आपल्याकडचा: खाली आणखी कोण घुमतंय? गणपतीतल्या किंवा लग्नातल्या वाद्यवृंदात ढोलकी-तबला असेल तर डग्ग्याचा घुमारा आणि बेसची लांब नोट एकाच जागेसाठी भांडतात. इथे लोक सरसकट बोटांनी, नेकजवळ, लांबलचक वाजवतात आणि मग साउंडवाल्याला दोष देतात. पिक, तळव्यानं थोडं दाबून, आखूड नोट: डग्ग्याला जागा मिळते आणि बेसही ऐकू येतो. किक ड्रमचं (ड्रमसेटमधला पायानं वाजणारा) तसं नाही. तो क्षणात संपतो, त्यामुळे त्याच्यासोबत बोटांची लांब नोट सुखानं नांदते.

> सावधान: मूळ रेकॉर्डिंगमध्ये पिक आहे की बोटं, हे कानानं ठरवताना घाई नको. ब्रिजला खेटून बोटांनी वाजवलेल्या नव्या तारा पिकसारख्या वाटतात, आणि फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारांवर टोन नॉब बंद करून वाजवलेला पिक बोटांसारखा. शक्य असेल तिथे वाजवणाऱ्याचा हात पाहा.

## टप्पा २: वाजवायची जागा शोधा

पिकबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर जागेच्या असतात. तार ब्रिजजवळ छेडली तर आवाज बारीक आणि कडक, नेककडे सरकलं तर गोल आणि जाड. हाताची रीत बदलताना लोक नकळत जागाही बदलतात आणि सगळा फरक पिकच्या नावावर लावतात.

1. ए तार, पाचवा फ्रेट. मेट्रोनोम ६०वर (मिनिटाला ६० ठोके). ॲम्पला हात लावायचा नाही.
2. बोटांनी आठ ठोके नेकच्या टोकापाशी, आठ मधल्या भागात, आठ ब्रिजजवळ.
3. त्याच तीन जागांवर पिकनं.
4. सहाही तुकडे रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.

मधल्या जागी बोटं आणि त्याहून तीन-चार सेंटिमीटर नेककडे पिक, हे दोन तुकडे बऱ्याच बेसवर एकमेकांच्या बरेच जवळ येतात. खडखडीमुळे पिक ड्रॉवरमध्ये टाकला असेल तर आधी हा प्रयोग करा.

## टप्पा ३: बोटांची रीत पक्की करा

पिकच वाजवायचा असला तरी हा टप्पा गाळू नका. पुढचं म्यूटिंग (तार गप्प करणं) इथूनच समजतं.

1. अंगठा टेकवा. ई तार वाजवताना तो पिकअपच्या (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीच्या) कडेवर. मनगट शक्य तितकं सरळ.
2. तार ओढू नका, ओलांडा. बोटाचं टोक तारेवरून सरकून शेजारच्या जाड तारेवर येऊन टेकलं पाहिजे. यालाच रेस्ट स्ट्रोक म्हणतात. ए तार वाजवली की बोट ई तारेवर विसावतं आणि ई तार आपोआप गप्प होते. हा फुकटचा फायदा ध्यानात ठेवा.
3. तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं. आधी एकाच तारेवर, ६० च्या लयीत, ठोक्याला दोन नोट्स.
4. बारीक तारेकडून जाड तारेकडे जाताना बोट बदलू नका. जी तार वाजवून डीवर टेकलेलं बोटच डी वाजवतं. उलट दिशेनं जाताना बोटं आलटून-पालटून.

नेहमीची चूक: बोट आकडीसारखं वाकवून तार लाकडापासून दूर उचलणं. तार परत येताना फ्रेटवर चापट मारते आणि माणूस तारांची उंची वाढवत बसतो. दुसरी चूक, मधलं बोट जास्त जोरात लागणं. ते लांब असल्यानं तारेत खोल शिरतं. किंचित वाकवलं की दोन्ही टोकं एका रेषेत येतात.

> तपासणी: डोळे मिटून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका. कोणती नोट कोणत्या बोटाची हे सांगता येत असेल तर लय वाढवू नका.

## टप्पा ४: पिक धरणं आणि चालवणं

धरणं. तर्जनीच्या शेवटच्या पेराची कड, तिच्यावर पिक, वरून अंगठ्याचा मांसल भाग. टोक ३ ते ५ मिमीच बाहेर. गिटारवाले यापेक्षा जास्त टोक बाहेर ठेवतात. बेसच्या जाड तारेत ते अडकतं, मग सोडवायला जोर लावावा लागतो आणि लय मागे पडते. पकड इतपतच घट्ट, की दुसऱ्या हातानं ओढला तर पिक थोड्या विरोधानं निघून यावा.

कोन. पिक तारेला अगदी सपाट लागला तर टणत्कार, किंचित तिरका लागला तर सुळकन जातो. जास्त तिरका केलात तर तारेच्या वेटोळ्यांवर घासून करकर येते. नव्या राउंडवाउंड (खडबडीत वेटोळ्यांच्या) तारांवर ही करकर सर्वाधिक. आठवडाभर वाजवल्यावर ती बरीच बसते.

हालचाल मनगटातून. कोपरातून वाजवणारा दोन गाण्यांत दमतो. तार ओलांडल्यावर पिक सेंटिमीटरभराच्या आत थांबला पाहिजे.

आता क्रम, आणि यात अदलाबदल नको:

1. फक्त डाउनस्ट्रोक (पिक जमिनीच्या दिशेनं). ई तार, ८० ची लय, ठोक्याला दोन. सगळे ठोके सारखे येईपर्यंत.
2. डाउन-अप. त्याच लयीत. अपस्ट्रोक हमखास मिळमिळीत येतो.
3. उलटा सराव. ठोक्यावर अप, ठोक्यांच्या मध्ये डाउन. हात बंड करेल, करू द्या. अपस्ट्रोकमध्ये ताकद याच्याइतकी दुसऱ्या कशानं येत नाही.
4. तार बदल. ई-ए, ए-डी, मग ई-डी असं एक तार सोडून.

डाउनस्ट्रोकच वापरायचे की डाउन-अप, हा गाण्याच्या लयीचा प्रश्न आहे. १२० च्या लयीत आठव्या नोट्स म्हणजे सेकंदाला ४ ठोके. सगळे डाउन आरामात जातात आणि प्रत्येक नोट सारखी कडक लागते. १८० ला तेच ६ होतात. तिथे सगळे डाउन वाजवणारे लोक आहेत, पण त्यांनी तो हात सावकाश कमावलेला असतो. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका.

> सावधान: हाताचा मांसल भाग भरून येणं, थकणं चालेल. मनगटात किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला टोचणारी कळ, बोटांना मुंग्या, हे चालणार नाही. तिथल्या तिथे थांबा. पुन्हा पुन्हा होत असेल तर शिक्षकाआधी डॉक्टर.

## टप्पा ५: तार गप्प करणं

बोटांनी वाजवताना तुमच्या नकळत तीन गोष्टी घडत असतात. रेस्ट स्ट्रोकनंतर बोट शेजारच्या जाड तारेवर विसावतं. अंगठा त्याहून जाड तारांवर येऊन बसतो (निदान बसायला हवा). आणि पुढची नोट वाजवण्याआधी बोट तारेला टेकतं, तेव्हा आधीची नोट क्षणभर तुटते. पिक घेतलात की तिन्ही गोष्टी एका झटक्यात नाहीशा होतात. जाड तारांना कोणाचाच हात लागलेला नसतो. त्या मोकळ्या घुमतात आणि आपण म्हणतो, "पिकचा आवाज घाण येतो."

स्वतः ऐकून घ्या. डाव्या हाताचं एकच बोट वापरून डी तार सातव्या फ्रेटवर दाबा, बाकी कुठल्याही तारेला स्पर्श नको. पिकनं एक ठोका मारा, दोन सेकंद थांबा आणि दाबलेलं बोट सैल करून डी तार गप्प करा. आवाज थांबत नाही. मोकळी ए तार गातेय, तुम्ही तिला हातही न लावता. डीच्या सातव्या फ्रेटवरचा सूर ११० हर्ट्झचा, ए तारेच्या ५५ च्या बरोबर दुप्पट, म्हणून ती सोबत हलू लागते. हाच खेळ डीच्या दुसऱ्या फ्रेटवर करा. या वेळी ई तार गाईल. एका नोटेवर हे गोड वाटतं. चाळीस नोट्सच्या ओळीत याचा चिखल होतो.

आता उपाय, बोटांसाठी आणि पिकसाठी वेगवेगळे.

बोटांनी वाजवताना

1. ई वाजवताना अंगठा पिकअपवर.
2. ए वाजवताना अंगठा ई तारेवर.
3. डी वाजवताना अंगठा ए तारेवर, त्याची कड ई तारेला टेकलेली.
4. जी वाजवताना अंगठा ए आणि ई दोन्हींवर आडवा. डीवर वाजवणारं बोट विसावतंच.

पिकअपवर चिकटून बसलेला अंगठा ही बोटांनी वाजवणाऱ्यांची सगळ्यांत जुनी खोड. जी तारेवरची ओळ सावकाश वाजवा आणि प्रत्येक नोटेनंतर अंगठा कुठे आहे ते बघा.

पिकनं वाजवताना

1. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजच्या सॅडल्सवर ठेवा. दाबायचं नाही, नुसती ठेवायची.
2. डी किंवा जी वाजवताना तीच कड किंचित पुढे सरकवून फक्त ई आणि ए तारांवर येऊ द्या. वाजणारी तार मोकळी राहिली पाहिजे.
3. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक, दाबलेल्या तारेच्या शेजारच्या जाड तारेला अलगद टेकवा. तिच्यामुळे ती तार फ्रेटला लागता कामा नये.
4. त्याच तर्जनीचा बाकीचा भाग बारीक तारांवर सपाट पडू द्या. फ्रेटच्या कामाला दुसरं बोट असेल तेव्हाही तर्जनी अशीच पसरलेली राहील.
5. नोट संपवायची असेल तेव्हा डाव्या बोटाचा दाब सोडा, पण बोट तारेवरून उचलू नका. उचललंत तर मोकळी तार वाजते.

पाचवा मुद्दा वाचायला किरकोळ वाटेल. सरावात यालाच सर्वांत जास्त वेळ द्या, कारण पिकची नोट कुठे संपते हे जवळजवळ पूर्णपणे डाव्या हातावर असतं. बोटांनी वाजवणाऱ्याचा डावा हात वर्षानुवर्षं या बाबतीत आळशी राहिलेला असतो. उजवा सांभाळून घेतो ना.

पाम म्यूट. तळव्याची कड सॅडलच्या लगेच पुढे तारांवर टेकवली की नोट आखूड आणि जाड होते. आणखी सेंटिमीटरभर पुढे गेलात की सूर संपतो, नुसती थाप उरते. ही जागा प्रत्येक बेसवर वेगळी असते. ई तारेपेक्षा जी तार लवकर मरते, म्हणून हात थोडा तिरका ठेवावा लागतो.

फोम. संपूर्ण गाणंच आखूड नोट्सचं असेल तर हाताला कशाला राबवायचं? फोमची पट्टी ब्रिजलगत तारांखाली सरकवा. तारा वर उचलल्या जाऊ नयेत इतपतच जाड हवी. लावल्यावर ट्यूनिंग पुन्हा बघा.

> तपासणी: वर दिलेली डी तारेची चाचणी दोन्ही रीतींनी पुन्हा करा. नोट थांबवल्यावर पूर्ण शांतता आली पाहिजे. मग हीच चाचणी जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. तिथेही सूर ११० हर्ट्झचाच, पण आता ए आणि डी, दोघींना आवरायचं आहे.

## टप्पा ६: एकाच कार्यक्रमात दोन्ही

इथे घोळ होतो तो आवाजाच्या पातळीचा. पिकचा पहिला टोला मीटरवर उंच उडी घेतो, पण मागचं अंग बारीक. बोटांचं उलट.

1. ॲम्पचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) पिकनं, सर्वांत जोरकस भागावर लावा. क्लिपचा (आवाज फाटत असल्याचा) दिवा लागायच्या जरा आधी थांबा.
2. मग बोटांनी वाजवा. कमी वाटलं तरी ॲम्पला हात लावू नका. हात थोडा ब्रिजकडे न्या.
3. पिकच्या गाण्यांना बेसवरचा टोन नॉब थोडा उतरवा. किती, ते सरावातच ठरवून नॉबच्या खुणेवर लक्षात ठेवा.
4. कॉम्प्रेसर (आवाजाची चढ-उतार आवरणारं यंत्र) वापरत असाल तर त्याचा अटॅक (काम सुरू करायचा वेग) सावकाश ठेवल्यास पिकचा टोला निसटून पुढे जातो, जलद ठेवल्यास दबतो. निसटणारा टोला नेहमी वाईटच असतो असं नाही, पण साउंडचेकला तो ऐकलेला असावा.

बोटांच्या ओळीत पिक ठेवायचा कुठे? मधलं, अनामिका किंवा करंगळी मिटून तळव्यात लपवणारे आहेत. मला ते कधी पटलं नाही, मधलं बोट अडकून पडतं. माइकच्या स्टँडला पिक होल्डर लावावा आणि बदलासाठी दोन ठोक्यांची उसंत गाण्यातच शोधून ठेवावी. तेवढी नसेल तर त्या गाण्याला एकच रीत ठरवा. सराव असा: चार बार बोटं, चार बार पिक, मेट्रोनोम न थांबवता. बदलताना सुटलेली नोट चालेल, सरकलेली लय नाही.

साउंडचेकला फक्त बोटांनी वाजवून खाली उतरणं ही या सगळ्या यादीतली सर्वांत महागडी चूक. मिक्सरवरच्या माणसाला दोन्ही ऐकवा आणि कोणत्या गाण्याला काय, ते कागदावर लिहून द्या.

## आठवड्याची आखणी

रोज २५ मिनिटं पुरतात. पहिला आठवडा: टप्पा २ आणि ३. दुसरा: टप्पा ४, फक्त डाउनस्ट्रोक. तिसरा: टप्पा ५, लय ६०च्या वर नेऊ नका. चौथा: एक ओळखीचं गाणं, दोन्ही रीतींनी, रोज रेकॉर्ड करून. बोटाला फोड आली तर ती फोडून वाजवत बसू नका. त्या दिवसांत पिकचा सराव पुढे ओढा, क्रम थोडा बिघडला तरी हरकत नाही.

## कार्यक्रमाच्या दिवशी

उघड्यावरच्या मांडवात, दिव्यांखाली, पावसाळी हवेत हात घामेजतो आणि पिक हळूहळू गोल फिरू लागतो. घट्ट धरून उपयोग नाही, मनगट आखडतं. पिकच्या धरायच्या भागावर आदल्या दिवशी सँडपेपरनं दोन्ही बाजूंनी आडवे-उभे चरे पाडून ठेवा. होल्डरमध्ये एक नव्हे, तीन पिक लावा, सगळे एकाच जाडीचे. आणि फोमची पट्टी केसमध्ये सुटी टाकू नका, हेडस्टॉकमागे (नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागामागे) रबर बँडनं अडकवून ठेवा. ऐन वेळी अंधारात तीच सापडत नाही.